गोजरबाई छाप

(सोलापूर, १९७४. ईरप्पाचा छोटा छापखाना. केमला कुंकवाचा कारखाना चालवणाऱ्या गोजरबाई गाडीनं येऊन नुकत्याच आत आल्या आहेत. त्यांचा धाकटा दीर हिंदुराव आधीपासून तिथं आहे.)

गोजरबाई : न्हाई, कागद पाठीमागं लपवू नका भावजी. मी बघितलाय. दावा हिकडं.

हिंदुराव : लपवतोय कुटं वैनी? शाई वली हाय, म्हणून धरला जरा बाजूला. तुमी बसा की आदी. पाणी प्या.

गोजरबाई : पाणी पिऊनच आलेय. ईरप्पा, तिकडं बाया पुड्या भरून बसल्यात आन लेबलांचा पत्ता न्हाई. म्हणलं, मशीन बिघडलं का माणूस बिघडलं, बघून तर यावं. आन हितं ही लक्ष्मी! कुणाचं लेबल हे?

ईरप्पा : काय सांगू अक्का. मी छापणारा माणूस. गिऱ्हाईक म्हणतंय तसं छापायचं.

गोजरबाई : गिऱ्हाईक कोण?

ईरप्पा : हे काय, हिंदुरावच की.

हिंदुराव : ईरप्पा, तुमच्या पोटात एक गोष्ट टिकंल तर शपथ!

ईरप्पा : अक्का अशी समोर उभी राहिल्यावर काय टिकतंय ओ?

गोजरबाई : मोठी अक्षरं वाचाय येत्यात मला. सौ-भाग्य-लक्ष्मी. बरं. माझं नाव कुटं हाय हेच्यात?

हिंदुराव : खाली 'केम' टाकलंय की.

गोजरबाई : माझं नाव केम हाय व्हय?

हिंदुराव : वैनी, घरी गेल्यावर बोलू. चारचौघांत कशाला?

गोजरबाई : चारचौघं कुटं हायेत? ईरप्पा काय परका हाय? पयलं लेबल हेनीच छापलं. बोला हितंच. माझ्या माघारी ठरलं ते माझ्यासमोर सांगायला काय झालं?

हिंदुराव : भीमाशंकर शेट म्हणला. मी न्हाई, त्यो म्हणला. सगळ्या पेठेत आपला माल त्योच पुरवतोय, तवा त्येचं ऐकावं लागतं. म्हणला, हिंदुराव, तुमचे दादा मानसिंगराव हुते तवर गोष्ट येगळी हुती. आता संक्रांत तोंडावर आली, गड्ड्याची जत्रा आली. बाया हळदीकुंकवाला आपली पुडी नेणार न्हाईत. कुंकवाच्या पुडीवर तसल्या बाईचं...

गोजरबाई : कसल्या?

हिंदुराव : जाऊ द्या वैनी.

गोजरबाई : कसल्या बाईचं? म्हणा की. तुमचे दादा जाऊन सा म्हैने झाले, घरात त्यो शब्द कुणी काढंना. सगळी कशी फुलागत बोलत्यात माझ्यासंगं. विधवा बाईचं. झालं? पडलं का आभाळ?

ईरप्पा : शिवा, शिवा. चहा सांगतो मी. बिनदुधाचा चालेल का अक्का? सकाळचं दूध नासलं आमचं.

गोजरबाई : चहा ऱ्हाऊ द्या. भावजी, एक पुडी तरी माघारी आली का? एक?

हिंदुराव : अजून न्हाई. पर यील की! आज बाजारगावाला कळलंय, उद्या खेडोपाडी कळंल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय? मी पोती घेऊन हिंडतो वैनी, तुमी न्हाई. दुकानदार माझ्या तोंडाकडं बघत्यात. कुणी म्हणतंय, वैनीला काय करता आता, माहेरी धाडता का? मी काय जबाब द्यायचा? आन माल परत आला तर त्या बायांनी चुलीवर काय ठिवायचं?

गोजरबाई : कळतंय मला. तुमी वाईट न्हाई भावजी. वाईट असता तर मी गाडीत बसायच्या आदी भांडले असते.

ईरप्पा : पण हिंदुराव, एक सांगू का? ही लक्ष्मी छापताना माझं मन काय लागलं नाही बघा. केमची किती लेबलं छापली मी! सगळी लक्ष्मी. एकाची कमळात बसलेली, एकाची उभी, एकाची हत्तीवाली. खेड्यातली बाई दुकानात येते, म्हणते, लक्ष्मीचं द्या. दुकानदार काय करतो? ज्यात त्याला जास्ती सुटतंय ती लक्ष्मी देतो. देवीला काय, ती कुणाच्याबी पुडीवर बसते.

हिंदुराव : मग दादानं तरी काय केलं? बायकू बसवली.

ईरप्पा : मी इथं होतो ना त्या दिवशी. दुष्काळाच्या आधीची गोष्ट. मानसिंगराव फोटो घेऊन आले. म्हटलं, हे काय ओ, घरच्या बाईला बाजारात मांडता? तर म्हणाले, ईरप्पा, हळकुंडं सांगलीची, लिंबू बाजारातलं, ते कुणीबी आणतंय. वाळवायचं कवा आन थांबायचं कवा, ते एकटीला कळतंय. जिच्या हातचं, तिचं तोंड दिसू दे.

गोजरबाई : मला म्हणले हुते, तुळजापूरला जाऊ. पातळ नवं नेसवलं आन नेलं सरळ फोटूवाल्याकडं. म्या म्हणलं, देवी कुटं हाय? तर म्हणत्यात, खुर्चीवर बस, आत्ता दिसंल. असला बाबा! गावातली माणसं म्हैनाभर हसली. मानसिंगनं बायकू पुडीत बांधली म्हणायची. मला तर आडावर जायची चोरी झाली.

हिंदुराव : मीबी भांडलो हुतो त्येच्यासंगं. घराण्याची अब्रू म्हणून.

गोजरबाई : आन म्हैन्यानं तुमीच सांगत आला, कुर्डुवाडीच्या बाजारात बाया काय मागत्यात म्हणून.

हिंदुराव : व्हय. मोठ्या कुंकवाची बाई द्या, म्हणायच्या. नाव न्हाई, गाव न्हाई. मोठ्या कुंकवाची बाई. म्हातारीनं लहान नातीला धाडलं तरी नेमकी आपलीच पुडी घेऊन जायची. तेच म्हणतो मी वैनी. त्या येळला ते शोभलं. आता लोक वंगाळ मानत्यात. लोकांचं तोंड धरता येतंय का?

ईरप्पा : हिंदुराव, मला काहीतरी सांगायचं आहे. सांगू का नको, असं आठ दिवस चाललंय माझं.

हिंदुराव : आता काय ऱ्हायलं?

ईरप्पा : आमच्या वडिलांनी शिकवलंय, एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला बोलायचं नाही. छापखाना त्याच्यावर चालतो. पण आता गप्प बसलो तर रात्री झोप यायची नाही. भीमाशंकर शेटचा दिवाणजी आला होता माझ्याकडे.

हिंदुराव : कशाला?

ईरप्पा : म्हणाला, केमवाले जुनं लेबल सोडणार आहेत. ते छापायचे ब्लॉक मोडीत घालू नका, शेट घेतील. बाई तीच राहू दे, नाव तेच राहू दे. फक्त 'केम' काढा आणि 'सोलापूर' घाला.

हिंदुराव : आँ?

ईरप्पा : सोलापूर घाला म्हणाला. संक्रांतीच्या आत पाहिजे म्हणाला.

हिंदुराव : आरं त्येच्या! माझ्यासमोर हात जोडून बोलत हुता ओ! डोळ्यांत पाणी आणलं हुतं. म्हणला, वैनीसायबांच्या नावाला कुणी बोललं तर मला सोसायचं न्हाई, म्हणून आधीच सांगतो!

गोजरबाई : मेल्याला माझं तोंड चालतंय, मी चालत न्हाई.

हिंदुराव : वैनी, हसताय काय? माझ्या अंगाची आग व्हतीया.

गोजरबाई : हसू न्हाई तर काय करू? सा म्हैने मला वाटतंय, आपला पाय वंगाळ, आपल्या नावानं धंदा बसायचा. रात्री उठून बसते मी. आन हितं बघा, माझं नाव पळवायला माणसं टपून बसल्यात. आज पयल्यांदा बरं वाटलं, खरं सांगते.

हिंदुराव : मी खुळा. मला काय म्हणायचं ते म्हणा. दादा असता तर कानाखाली दिली असती.

गोजरबाई : दिली असती आन मग जेवायला वाढ म्हणले असते. मला न्हाई जमत दोन्ही. नाव ऱ्हातंय का, तेवढं बोला.

हिंदुराव : ऱ्हातंय म्हंजे? गोजरबाई छाप! दुकान-दुकान मी सवता फिरीन. शेटला माल न्हाई द्यायचा. आना त्यो लक्ष्मीचा कागद, टराटरा फाडतो.

गोजरबाई : आवं, फाडू नका! देवी हाय ती. तिनं काय घोडं मारलंय? घडी घाला, देवघरात लावू.

ईरप्पा : बरं झालं देवा. मग अक्का, तुमच्या जुन्या लेबलांचा गठ्ठा तयारच आहे म्हणायचं. अर्धं काम झालं होतं, तेवढ्यात हिंदुराव आले आणि थांबवा म्हणाले. हे बघा, फडक्याखाली झाकून ठेवलाय.

गोजरबाई : बघू.

ईरप्पा : धूळ बसू नये म्हणून झाकलंय. घ्या की हातात, वाळलंय आता.

हिंदुराव : वैनी?

ईरप्पा : अक्का, काय झालं? बसता का?

गोजरबाई : हे कवा काढलं?

ईरप्पा : नवीन नाही काढलं. तोच फोटो, तोच ब्लॉक. काळा रंग आधी छापतो आम्ही. तोंड, केस, पदर, सगळं काळ्यात. लाल मागनं चढतो. तुमचं नाव आणि कपाळावरचं कुंकू, तेवढंच लाल ब्लॉकवर आहे. ते चढायचं राहिलंय.

गोजरबाई : म्हंजे दर बारीला आदी हे असं असतंय?

ईरप्पा : दर बारीला. वाळेपर्यंत असंच. तुमच्यापर्यंत कधी आलं नाही, म्हणून दिसलं नाही.

गोजरबाई : ते हुते तवाबी?

ईरप्पा : तेव्हाबी अक्का.

गोजरबाई : मला वाटलं, कुणी आत्ता येऊन काढून नेलं. रोज आरशात हेच तोंड बघते मी. न्हाई, बघत न्हाई. आरसा उलटा करून ठिवलाय.

हिंदुराव : वैनी, एक बोलू? रागवू नका. माझ्या मनात पाप न्हाई.

गोजरबाई : बोला.

हिंदुराव : नाव लाल ऱ्हाऊ द्या. तोंडबी ऱ्हाऊ द्या. कुंकू तेवढं काढू. म्हंजे कुणाला बोलायला जागा नको. जे हाय ते हाय, आमी काय लपवत न्हाई, असं सांगता यील मला. न्हाईतर कुणीतरी म्हणणारच, कपाळ मोकळं झालं तरी पुडीवर मिरवतीया. तुमाला कुणी तसं बोललेलं मला ऐकवायचं न्हाई.

गोजरबाई : आन ते काढायचं कसं, ईरप्पा?

ईरप्पा : काढायला काय? लाल ब्लॉकवरचा तेवढा ठिपका छिन्नीनं उडवायचा. चहा यायच्या आत होईल. पण एकदा उडवला की परत बसवता येत नाही, ते आत्ताच सांगतो. नवा ब्लॉक करावा लागेल. ही बघा छिन्नी. अक्का, तुम्ही सांगा. काढू का?

गोजरबाई : काय म्हणला?

ईरप्पा : कुंकू काढू का, म्हटलं.

गोजरबाई : भावजी, दादाला आणलं घरी, त्या दिवशी तुमी भाईर हुता. आत काय झालं ते तुमाला ठावं न्हाई. बाया जमल्या. आत्याबाईंनी पदराचा शेव वला केला आन माझं कपाळ धरलं. कुंकू आपलंच, आपल्या कारखान्यातलं. निघंना. घासलं, पाणी लावलं, परत घासलं. एकजण म्हणली, लई चिवट बाई हिचं कुंकू, जातच न्हाई. आन माझ्या मनात काय आलं, सांगू? ही खेप झ्याक उतरलीया, आता ह्येनला सांगाय पायजे.

हिंदुराव : वैनी...

गोजरबाई : माणूस सोप्यात निजवलंय आन मी त्यालाच सांगाय निघाले. कपाळ दोन दिवस हुळहुळत हुतं. तसंच करत्यात, सगळ्यांचं करत्यात. पर काढू का म्हणून मला कुणी इचारलं न्हवतं. आज ईरप्पा इचारत्यात.

ईरप्पा : विचारतोय अक्का. तुमच्या हातात आहे.

गोजरबाई : मग न्हाई. काढू नका.

हिंदुराव : ईरप्पा, ती छिन्नी ठिवा आत. लाल चढवा.