खिडकीतलं भोक

वर्ष सरत आलं होतं. खिडक्यांना काचेच्या जागी असतात ते कागद नव्यानं चिकटवायचे म्हणून कागदवाल्याच्या दारी रांग लागली होती. उपासाचं मौन धरून पेइहुआ जपमाळ ओढत उभी होती. पुढच्या सासूसुनेचं बोलणं आपसूक कानी पडत होतं.

“आई, सगळे बदला, पण माझ्या खोलीतला तो एक कागद राहू द्या.”

“म्हणजे शेजारणी म्हणणार, सासू कंजूष!”

“सीमेवर जाताना ह्यांनी ओल्या बोटानं भोक पाडलंय त्याला. म्हणाले, परत आलो की आधी इथूनच तुला बघेन. सकाळी त्यातून उजेडाचा ठिपका माझ्या उशीवर येतो.”

“अगं वेडे, तो कागद पहिल्याच थंडीत विरला.”

“मग आत्ता आहे तो?”

“तू विहिरीवर गेलीस की मी नवा लावते. चुलीच्या धुरावर धरून पिवळा करते, आणि त्याच जागी भोक पाडते.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

“मग आज का सांगितलंत?”

“बोट थरथरतं गं आता. कागद फाटतो.”

रांग पुढे सरकली. पेइहुआच्या हातातला मणी तिथेच थांबला होता.

“आई, यंदा भोक मी पाडते. तेवढ्याच उंचीवर ना?”

“तेवढ्याच. उंच आहे माझा लेक, त्याला वाकायला लावू नकोस.”