चव्वेचाळीसनं सुरू होणारा नंबर

माझं माहेर पासलीचं, तिकडं वेल्ह्याच्या डोंगरात, आन सासर हे उत्रोली, भोराला खेटून. शिक्षान चौथीपतुर झालं, म्हंजी अक्षर लावून वाचाया येतं पर दमानं. लगीन होऊन हितं आले, शेती केली, आन आता बारा वर्सं झाली शाळेत पोरांची खिचडी शिजवते, समदी पोरं मला मावशी म्हनत्यात. माझी सवताची दोन, थोरला गणेश आन धाकटी सुरेखा. सुरेखाचंच सांगायचंय तुमाला, बाकीचं ऱ्हाऊ द्या.

सुरेखा हुशार. भोरात बारावी केली, फुडं पुण्याला नर्सिंगला गेली. शनवारी येष्टीनं यायची, आली की हातपाय धुवायच्या आदी चुलीपाशी बसायची, आन दवाखान्यात ह्यो पेशंट असा बोलला, ती म्हातारी तशी रडली, असं लई सांगायची. पुण्यातच तिचं जमलं. पोरगा चांगला, कॉम्प्युटरवर काम करायचा, पर आमच्यातला न्हवता. तिनं मला आदी सांगितलं. म्या म्हनलं, बाई, मला सांगितलंस ते सांगितलंस, तुझ्या बापाला कळू देऊ नगंस. काय सांगू तुमाला, तवा म्या तिच्या बाजूनं एक शब्द बोलाया पायजे हुता. न्हाई बोलले. मग तिनं लग्नाच्या सरकारी हापिसात जाऊन लगीन केलं आन फोन करून सांगितलं.

आमचे मालक दोन दिस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिशी म्हनले, आपल्याला एकच पोर हाय असं समजायचं. दीर म्हनले, मी न्हाई तसं समजत, सापडू दे, मंग दावतो तिला. दिराच्या पोरानं, म्हंजी माझ्या पुतन्यानं, तिच्या फोन नंबरावरनं ती कुठं ऱ्हाती ते हुडकलं आन चौघं जन तिच्या दारात जाऊन उबे ऱ्हायले. शेजारी गोळा झाले म्हनून निभावलं. त्या दिसापासनं तिचा नंबर बंद. खोली सोडली, कुठं गेली कुनाला ठाव न्हाई.

असं वरीस गेलं. एक दिस दुपारी शाळेत भांडी घासत हुते, मोबाईल वाजला. बगते तर नंबर भला लांब, फुडं अधिकची खूण आन चव्वेचाळीस. आता आमच्या सरांनी बैठकीत समद्यांना बजावलेलं, परदेशी नंबर आला तर उचलू नगा, फसवनारी मान्सं असत्यात. म्या न्हाई उचलला. त्या आठवड्यात परत आला, दुपारचाच. मंग त्याच नंबरावरनं मेसेजच्या ॲपवर एक फोटू आला. लहान लेकराचे दोन पाय, घोट्यात काळा दोरा. बस, खाली नाव न्हाई, अक्षर न्हाई.

म्या सुनंला दावला. ती म्हनली, आत्या, असंच करत्यात हे, लेकराचं दावून माया लावत्यात, ब्लॉक करून टाका. कसं करायचं ते तिनं दावलं. तिचं काय चुकलं न्हाई, पर बोट माझं हुतं.

पावसाळा गेला, भात काडून झालं, मंग माझा गुडगा धरला म्हनून भोरात दवाखान्यात गेले. तिथं वंदना कामाला हाय, सुरेखाच्या वर्गातली, आमच्या घरी जेवलेली पोर. तिनं मला भाईर बाकावर नेलं. म्हनली, मावशी, सुरेखाला असं का केलंत? म्या म्हनलं, काय केलं? मंग तिनं सांगितलं. त्यो चव्वेचाळीसचा नंबर सुरेखाचाच. ती काय परदेशात न्हाई गेली, हितंच कुठंतरी हाय, पर हितल्या नंबरावरनं केलं तर पुतन्या परत हुडकंल, म्हनून जावयानं तिला इंटरनेटवरनं तसला नंबर घिऊन दिला, त्याला सिमकार्डबी लागत न्हाई, दिसायला इंग्लंडचा. दुपारी करायची, कारन तवा म्या शाळेत एकटी असते. नाव लिवलं न्हाई, कारन फोन मालकांच्या हातात गेला तर काय. तिला मुलगी झालेली. आईला पाय दावले की आई वळखंल, असं वाटलं तिला. आन मंग मेसेज पोचंनात, तवा वंदनाला म्हनली, आईनंबी मला टाकलं.

तिथंच बाकावर वंदनाकडनं त्या नंबराचं ब्लॉक काडून घेतलं आन म्या बोलून आवाज धाडला. म्हनलं, बाय सुरेखा, म्या टाकलं न्हाई गं तुला, मला कळलं न्हाई.

चौथ्या दिशी उत्तर आलं, इंग्रजीत. म्या तशीच भोराला गेले. वंदनानं वाचून मराठीत सांगितलं. कोन एक परका मानूस हुता. लिवलेलं, हा नंबर आता माझा हाय, मी तुमाला वळखत न्हाई, तुमची भाशा कळत न्हाई, पर बाई रडत असल्यावानी वाटलं, माफ करा. वंदना म्हनली, असले नंबर भाड्याचे असत्यात, सोडले की दुसऱ्याला देत्यात. तिच्याकडंबी सुरेखाचा तेवडाच नंबर हुता, आन सुरेखानं तिलाबी परत फोन केला न्हाई.

त्या दिशी घरी आले आन मालकांना समदं सांगितलं, लपवलं न्हाई. ते म्हनले, दाव. फोटू माझ्याच मोबाईलात हुता. खिडकीशी धरून लई वेळ बगितला. बोटं सुरेखावानी हायेत, म्हनले. दुसऱ्या दिशी मालक दिराकडं जाऊन आले, आन तवापासनं तिला हुडकायचं कुनी नाव काडलं न्हाई. पर ते तिला कोन सांगनार?

आता म्या कुठलाबी नंबर आला तरी उचलते. सून वरडती, सर वरडत्यात. फसवनारीबी असत्यात, व्हय, कुनी कार्ड बंद पडंल म्हनतं, कुनी काय. म्या कायबी सांगत न्हाई त्यांना, नुसता आवाज ऐकते. परवा एक पोरगी कसली तरी जाहिरात घडाघडा वाचत हुती, तिला म्या म्हनलं, जेवलीस का गं बाय? ती थांबली, न्हाई म्हनली, आन फोन ठिवला. कुनाची तरी लेक असंल. सुकात ऱ्हावी, आन माझीबी जिथं असंल तिथं.