धुराच्या अलीकडे

आई : इथे नको. अजून मागे जाऊ.

नवी : ताई, याच्या मागे आता भिंतच आहे.

आई : मग भिंतीला टेकून बसू. खारू, मफलर नाकावर घे.

खारू : फटाके अजून सुरूपण नाही झाले!

आई : सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग? मी गाडी शिकवताना काय सांगते? आधी ब्रेक, मग खड्डा.

खारू : मी काय गाडी आहे?

नवी : नाहीस कशी? छाती बघ की तुझी. जुन्या स्कूटरसारखी. फुर्र, फुर्र, आणि बंद.

खारू : आणि मग बाबा लाथ मारायचा! स्कूटरला. मला नाही.

आई : तिला हसवू नका हो. हसली की खोकते.

नवी : हो, चुकलंच माझं.

खारू : आई, नवीला ओरडू नको ना.

आई : मी कुठे ओरडतेय? आणि ‘नवी’ काय? मोठ्या माणसाला असं म्हणतात का? मावशी म्हण.

खारू : तूच म्हणायचीस. मामाशी फोनवर. ‘त्याची ती नवी.’ मला वाटलं, तिचं नावच आहे ते.

आई : खारू!

नवी : राहू द्या हो. आता सवय झालीये. खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर मीच मागे वळून बघते, कुणाला बोलावतायत म्हणून.

आई : वाऱ्याचं काय? कुठून येतोय कळतंय का तुम्हाला?

नवी : हा बघा रुमाल. फटाके उडवतात त्या तळ्याकडे उडतोय. म्हणजे वारा आपल्या पाठीमागून आहे. धूर तिकडेच जाईल.

आई : हे कुणी शिकवलं?

नवी : त्यानेच. रविवारी खारूला घेऊन बाहेर पडायचं म्हटलं की आधी गॅलरीत रुमाल, मग पायात चप्पल.

खारू : बाबा म्हणाला होता, एक अख्खा हिवाळा दवाखान्यात न जाता काढलास तर तुला पार्कातले फटाके दाखवीन. मी काढला की नाही, आई?

आई : काढलास हो. शहाणी माझी ती.

खारू : बाबाने नाही काढला.

आई : ...जा, ती घोड्यांची चक्री चालू आहे बघ. एकच फेरी. कडेच्या पांढऱ्या घोड्यावर बस, म्हणजे इथून मला दिसशील. पळायचं नाही!

खारू : चालत जाते. बघ, म्हातारीसारखी चालतेय.

नवी : बसली. हात हलवतेय. हलवा ना तुम्हीपण.

आई : दिसतंय मला. ...तुम्ही आलात ते बरं केलंत. तिने हट्टच धरला होता. बाबाच्या घरचं कुणीतरी हवं म्हणे.

नवी : तुम्ही फोन कराल असं वाटलं नव्हतं. नाव दिसलं तेव्हा हातातली कात्रीच पडली. गिऱ्हाईक बिचारं दचकलं.

आई : तुम्ही पार्लरमध्ये काम करता, पण तुमच्या अंगाला कसलाच वास येत नाही. मघापासून बघतेय.

नवी : खारूला भेटायचं असलं की आधी डोकं धुते. तिला तो स्प्रेचा वास चालत नाही ना. शनिवारी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की तिथेच नळाखाली डोकं घालायचं. मालकीण म्हणायची, दुसऱ्यांचे केस सेट करते आणि स्वतः भिजलेल्या मांजरीसारखी घरी जाते.

आई : मला कधी बोलली नाही ती हे.

नवी : त्यात बोलायचं काय?

आई : एक विचारू? बरेच दिवस मनात आहे. तसा मला काही हक्क नाही विचारायचा.

नवी : विचारा की.

आई : त्याला त्रास झाला का? शेवटी?

नवी : नाही. नाही हो ताई. सुट्टीचा दिवस होता. मी उठले तेव्हा कुशीवर झोपलेला, तोंड भिंतीकडे. म्हटलं, झोपू दे, आठवडाभर राबतो. चहा केला. गार झाला, परत गरम केला. शेजारीण आली, तिला दारातच म्हटलं, हळू बोल गं, झोपलाय तो. सगळ्यांना गप्प करत बसले होते मी.

आई : आणि मग?

नवी : मग काय. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेला. त्याला कळलंसुद्धा नसेल.

आई : भिंतीकडेच तोंड करून झोपायचा. आम्ही वेगळे झालो ना, त्याच्या कितीतरी आधीपासून. मला वाटायचं, माझ्याकडे पाठ करतोय.

नवी : मलाही वाटायचं, सुरुवातीला.

आई : खरंच?

नवी : हो तर. भांडले पण होते त्यावरून. तो म्हणाला, अगं, भिंत गार लागते म्हणून.

आई : भिंत गार लागते म्हणून. बघा. मी कधी विचारलंच नाही.

नवी : ताई, मलाही एक सांगायचं होतं. मी जातेय. भावाकडे.

आई : किती दिवस?

नवी : कायमची. आमचं घर खारूच्या बाबाच्या कंपनीचं होतं, ते सोडावं लागतंय. भावाच्या गावात ओळखीच्या बाईंचं पार्लर आहे, तिथे काम मिळतंय. आजच निघतेय. इथून सरळ बसस्टँडवर. सामान पुढे गेलंय.

आई : आणि रविवार?

नवी : रविवार तिचे आणि बाबाचे होते. मी आपली त्यात होते, घरात खुर्ची असते तशी. तो नाही म्हटल्यावर मी कोण म्हणून मागायचे?

आई : तुम्ही मागितले नाहीत कधी.

नवी : दिले असतेत?

आई : ...नसते दिले.

नवी : मग झालं तर. तिला तुम्हीच सांगा. उद्या-परवा, सवडीने. मला नाही जमणार. गप्प, आली बघा.

खारू : माझा घोडा सगळ्यांच्या पुढे होता!

नवी : गोल चक्रीत पुढे कोण आणि मागे कोण गं?

खारू : मी पुढे. ए, दिवे गेले! आई, दिवे गेले!

आई : आता सुरू होतील. मफलर.

खारू : लाल! नवी, लाल बघ! झाडासारखं उगवलं, आता पानं पडतायत. आई, पडतायत ती पानं!

आई : बघतेय गं.

नवी : छोटे छोटे श्वास घे. घाई नको. सगळं बघून होणार आहे आपलं.

खारू : आजी म्हणते बाबा वर गेलाय. मग हे त्याच्या अंगावरच फुटत असतील ना?

नवी : तो खूप वर आहे. तिथवर नाही पोचत.

खारू : आई, नाही पोचत?

आई : नाही, बाळा. नाही पोचत.

खारू : मग त्याला फक्त धूर दिसत असेल.

आई : रुमाल बघा तुमचा. हा आता आपल्याकडे कसा उडतोय?

नवी : वारा फिरला. उठा, उठा ताई, धूर येतोय.

खारू : नको ना, आत्ता तर सोनेरी...

आई : खोकला आला. बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस, चल. ते काचेच्या दाराचं दुकान आहे ना, तिथे.

नवी : मी उचलते तिला.

आई : मी उचलते!

नवी : तुम्ही पंप काढा, ताई. माझे हात मोकळे आहेत.

(खेळण्यांचं दुकान. काचेचं दार लावलेलं. बाहेर फटाके चालू.)

आई : पंप मिळाला. भोंगा कुठाय? खारू, पंपाला जोडून तोंडाला लावायचा भोंगा तुझा, बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता मी. देवा, बाहेरच्या कप्प्यातच ठेवला होता!

नवी : हा घ्या. आमच्या घरातला, रविवारचा. तुम्हाला परत द्यायला आणला होता.

आई : लाव. लाव तोंडाला. दाबते मी. आत घे. धर. सोड आता. परत.

खारू : नाही... होत...

आई : होतं. घे. अगं, घे ना नीट! अशी काय करतेस?

नवी : ताई. हळू. ती तुमच्या तोंडाकडे बघतेय.

खारू : नवी... पाठी... बस.

आई : काय म्हणतेय ती?

नवी : तो तिला पुढ्यात घेऊन बसायचा. तिची पाठ आपल्या छातीला टेकवून. त्याचा श्वास तिच्या पाठीला लागायचा, मग तिचा हळूहळू त्याच्याबरोबर चालायला लागायचा. तो कामावर असला की मी बसायचे. ...बसू का?

आई : विचारतेस काय? बस!

नवी : ये. टेक अशी. सगळा भार टाक माझ्यावर. पोट लागतंय ना माझं? फुगलं. उतरलं. काचेतून बाहेर बघ. हिरवा चढतोय, चढतोय, तूपण आत घे... फुटला. सोड. परत एक येतोय बघ.

आई : ओठ बघू. नखं दाखव. गुलाबी आहेत ना गं ही? मला या दिव्यात कळत नाहीये.

नवी : आहेत. गुलाबी आहेत.

आई : अजून एकदा पंप देऊ. नाही उतरलं तर सरळ दवाखाना. गाडी फाटकापाशीच आहे.

नवी : द्या. मी धरते भोंगा.

आई : आत घे, राणी. आता मी नाही ओरडत. घे. शाब्बास. सोड.

नवी : फुगलं. उतरलं. हा पांढरा बघ, किती सावकाश पडतोय. आवाजच नाही त्याला, काचेमुळे.

खारू : ...निळा.

आई : काय?

खारू : निळा आला.

आई : बोलली. निळा म्हणाली.

नवी : बोलू नको गं बाई, नुसती बघ. ताई, तुम्ही बसा आता.

आई : बसते. ...बाहेर लोक टाळ्या वाजवतायत बघ.

नवी : हो.

आई : झोपली का ती?

नवी : डोळे मिटलेत. श्वास सरळ आहे. कान लावा.

आई : ...हो. शिट्टी गेली छातीतली.

नवी : मग हळूच घ्या तिला. माझी बस आहे.

आई : आत्ता?

नवी : झोपेतच बरं. जागी झाली तर माझा पाय निघणार नाही.

आई : आणि उठल्यावर मी काय सांगू?

नवी : सांगा, कामावर गेली. चार दिवसांनी विसरेल. लहान आहे.

आई : नाही विसरत ती. तुला माहीत नाही, तो गेला तेव्हा ती काय करायची. रडली नाही. सगळ्यांना विचारत सुटली होती. मला, शाळेतल्या बाईंना, जिन्यातल्या झाडूवालीलासुद्धा. बाबा मला न सांगता कसा गेला? हेच. एवढंच. न सांगता गेलेलं एक माणूस आहे तिचं. आता दुसरं नको. तू सांगून जा.

नवी : काय सांगू? आणि मी तिची कोण लागते, सांगून जायला?

आई : ते मला नाही माहीत. पण ‘पाठी बस’ तिने तुला म्हटलं, मी समोर असताना. लागलं मला ते. खोटं कशाला बोलू?

नवी : ताई...

आई : रडू नकोस, छाती हलेल तुझी. जागी होईल ती.

नवी : बस चुकेल माझी.

आई : स्टँडवर मी सोडते. चुकली तर उद्याची आहे. पण उद्या मात्र जायचं, मी थांब म्हणणार नाही. तेवढं मोठं मन नाही माझं.

नवी : तुम्ही थांब म्हणावं असं मी कुठे म्हटलं?

आई : तसं नाही म्हणालीस. ...हात अवघडला असेल तुझा.

नवी : अवघडू दे.

खारू : ...संपले?

आई : संपले, बाळा. कसं वाटतंय?

खारू : बरं. धूरपण गेला?

आई : गेला. पाणी पी दोन घोट.

खारू : तुम्ही दोघी अशा का बघताय?

नवी : काही नाही. नीट बस बघू, अशी माझ्यासमोर. तुला एक सांगायचंय.