मालकाच्या तोंडाचं तांबं

(कॉर्नवॉलमधल्या तांब्याच्या खाणीजवळचा गुत्ता. मालकीण थॉमसिन आणि खाणीच्या कचेरीतला कारकून हॉस्किन.)

थॉमसिन : उचला ते. फळीवर ठेवू नका, हिरवे डाग पडतात.

हॉस्किन : बाई, मालकांनी स्वतः पाडून घेतलेलं नाणं आहे हे. जरा नीट बोला.

थॉमसिन : नाणं? नाण्यावर राजाचं तोंड असतं. ह्याच्यावर तुमच्या मालकाची हनुवटी आहे. तीही एकच. बाकीच्या दोन मावल्या नसतील.

हॉस्किन : राजाला तांब्याची नाणी पाडायला सवड नाही, त्याला मालक काय करणार? मजुरांना सुट्टे द्यायचे कुठून?

थॉमसिन : हो ना, केवढी ती काळजी! मग तेच सुट्टे घेऊन मजूर मालकाच्याच दुकानात जातो आणि किडकं पीठ दुप्पट भावानं आणतो.

हॉस्किन : कडेवर काय लिहिलंय ते वाचा. ‘ट्रुरोच्या कचेरीत मागताच पैसे मिळतील.’

थॉमसिन : वाचलंय. नवरा तापानं फणफणला होता तेव्हा पिशवीभर घेऊन चालत गेले ट्रुरोला. खिडकीत तुम्हीच होतात. ‘चांदी संपली, पुढच्या आठवड्यात या’ म्हणालात. पुढच्या आठवड्यात मी काळ्या कपड्यांत होते.

हॉस्किन : वरून हुकूम होता, बाई.

थॉमसिन : असणारच. बिअर हवी असेल तर राजाचं नाणं काढा.

हॉस्किन : बिअर नकोय. ही पिशवी ठेवून घ्या आणि थोडी चांदी द्या. कितीही कमी द्या.

थॉमसिन : अगबाई! कारकूनसाहेब मालकाचं तोंड विकायला निघाले? तुमचा पगार तर चांदीत व्हायचा!

हॉस्किन : ईस्टरपासून मलाही हेच देतात. माझी मुलगी, मॉर्वेना... घसा धरलाय तिचा. पाणीसुद्धा उतरत नाही. पिशवी बघून डॉक्टर दारातच हसला.

थॉमसिन : मीही हसले असते. ...किती वर्षांची आहे?

हॉस्किन : सहा.

थॉमसिन : हात पुढे करा. शिलिंग आहेत, खरे. चावून बघायचे तर बघा.

हॉस्किन : बाई, देव तुमचं...

थॉमसिन : देवाला मध्ये आणू नका. तुमच्यासाठी देत नाहीये मी. आणि ती पिशवी उचला, नाण्यावरचा हा माणूस माझ्या छपराखाली नको.

हॉस्किन : मग बदल्यात काय देऊ?

थॉमसिन : उभे काय राहिलात? मागं घोडी बांधलीय, ती घेऊन जा. डावीकडून चढा, उजवीकडून चावते.