वरची माती

बॉक्साइटच्या खाणीवर जाणारे सत्याप्पा निपाणी स्टँडवरच्या रांगेत सोबती जोतिरामशी बोलत होते. त्यांची लेक विमल दोन माणसांमागे उभी होती. त्यांनी तिला पाहिलं नव्हतं.

“रिकामी खाण कसल्याबी मातीनं भरू की!” जोतिराम म्हणाला.

“न्हाय रं. खणायच्या आधी काढून ठेवल्याली वरची काळी माती परत पसरायची. तवाच रोपं धरत्यात.”

“बायकूला इतकं जपलं न्हाईस कधी!”

“गप रं.”

“विमलला खाणीवरची रोपं दाखव की एकदा.”

“लई शिकल्याली पोरगी. चिखलात कशाला यील?”

“इचार तर.”

“रविवारी इचारतो.”

शनिवारी छातीत कळ आली आणि सत्याप्पा गेले.

दिवसकार्य झाल्यावर विमल एकटीच खाणीवर गेली. भरलेल्या खड्ड्यावर जांभळाची रोपं वाऱ्यात हलत होती. आसपास कुणी नव्हतं, तरी ती मोठ्यानं म्हणाली, “आप्पा, तुम्ही कधी विचाराल याची मी लहानपणापासून वाट बघत होते.”