अंतर्गत स्थिती: उत्तम

आजच्या या सेवानिवृत्ती समारंभाचे माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांच्या हातात आत्ताच एवढा भला मोठा पुष्पगुच्छ आला ते आपले सत्कारमूर्ती मूल्यांकन अधिकारी साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, उद्यापासून साहेबांची खुर्ची सांभाळणाऱ्या नव्या अधिकारी मॅडम, कर आकारणी विभागातला सर्व लहानथोर कर्मचारी वर्ग, आणि समोर बसलेल्या, घरपट्टी भरून भरून पोक आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी रहिवासी समितीचा चिटणीस. नोकरी बस आगारात झाली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे माइकवरून सांगण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे आवाज मोठा आहे. मागच्या रांगेतल्यांची सोय होईल, पुढच्यांनी सोसावं. मला आलेल्या निमंत्रणात 'नागरिकांच्या वतीने गौरवपर चार शब्द' असं म्हटलं होतं. वतीने बोलतो. गौरवाचं बघू.

माझ्याआधी बोललेल्यांनी साहेबांना कर्तव्यकठोर म्हटलं, अभ्यासू म्हटलं, एका ताईंनी तर ऋषितुल्य म्हटलं. मी शांतपणे ऐकून घेतलं. वहिनी, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण तुमच्या यजमानांचं मी आज तोंड भरून कौतुक करणार आहे असं वाटत असेल, तर तुम्ही बाहेर जाऊन चहा घेतलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या घराची आहे. उद्या सकाळी त्या घराची फेरपाहणी आहे. म्हणून आजच बोलायला हवं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गेले आणि पाठोपाठ घराचं करपात्र मूल्य वाढलं. तेही असं तसं नाही, शेजारच्या दुमजली घराच्या बरोबरीने. ताईचं घर बैठं, मागच्या बाजूने गटार, पावसाळा संपला तरी मागची भिंत ओलीच. ताईची मिळकत म्हणजे दाजींचं अर्धं निवृत्तिवेतन. एवढी घरपट्टी तिला झेपत नाही. नाही झेपली तर घर विकून लेकीकडे जायचं. जावई चांगला आहे, बोलावतोही. पण ताई म्हणते, लेकीकडे पाहुणी म्हणून जाईन, राहायला नाही. तेव्हा आम्ही अपील केलं, आणि साहेब पाहणीला आले.

साहेब पाहणी कशी करतात हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. कमरेला टेप. म्हणून तर आमच्या गल्लीत साहेबांचं नाव टेपसाहेब. नियम असा आहे की प्रत्येक खोली बघायची, मागची बाजू बघायची, मापं घ्यायची. टेप उघडलेला कुणी पाहिला आहे का? हात वर करा. कुणीच नाही? मलाही तेच वाटलं होतं. साहेब बाहेरच्या खोलीत बसतात, चहा घेतात, आणि चहा संपेपर्यंत 'अंतर्गत स्थिती' या रकान्यात शेरा पडलेला असतो.

आता आमची बाजूही सांगतो, कारण आम्हीही कमी नाही. साहेब येणार म्हटल्यावर ताईने काय करावं? भिंत ओली आहे, प्लास्टर सुटतंय, हे दाखवायचं सोडून तिने घर धुऊन काढलं. बाहेरच्या खोलीला रंग दिला. मागच्या खोलीतलं कपाट जावयाला हाताशी धरून ओल्या भिंतीसमोर सरकवलं. आणि शेजारच्या टेलरकाकांकडून चार खुर्च्या आणल्या, त्यांनी स्वतः शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळींच्या. का? तर घरी मोठा माणूस येतोय. मंडळी, हसू नका. तुमच्याकडे साहेब आले तेव्हा तुम्ही काय पसारा मांडून ठेवला होता? घर वाईट आहे हे सिद्ध करायला बोलावलेल्या माणसापुढे आपण घर छान करून ठेवतो. आपल्या हाडात आहे ते. आणि साहेबांची सगळी कारकीर्द त्याच्यावर उभी आहे.

साहेब त्या खुर्चीवर बसले, खोळीवरून हात फिरवला आणि हसत म्हणाले, "काल टेलरकडे मी याच खुर्चीवर बसलो होतो वाटतं." ताई लाजेने लाल झाली. मी तिथे होतो. म्हणजे खुर्च्या मागून आणल्यात, दिखावा आहे, हे साहेबांना कळलं होतं. न कळणारा माणूस असता तर मी आज इतका रागावलो नसतो. कळलं, तरी उठून मागे गेले नाहीत. चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "बाई, घर मात्र फार छान ठेवलंय." शेरा पडला: अंतर्गत स्थिती उत्तम.

नंतर सुनावणी. ताई उभी राहिली, भिंतीचं सांगू लागली. साहेब म्हणाले, "मी स्वतः पाहिलंय. तुमचं घर चार लोकांना दाखवण्यासारखं आहे. आहे की नाही?" मी टेबलाखालून ताईच्या पायावर पाय दिला. तोवर ती म्हणून गेली होती, "हो, ते तर आहेच." दाजी गेल्यापासून तिच्या घराला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं हो. भरल्या कचेरीत एक मोठा माणूस म्हणाला, तर ती नाही कशी म्हणेल? अपील तिथेच फेटाळलं. नंतर आम्ही पुन्हा अर्ज केला, त्याचीच ही उद्याची फेरपाहणी. घरी जाताना रस्ताभर ती मला सांगत होती, साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

चिठ्ठी आली आहे. अध्यक्षांचीच असणार. वेळेचं भान ठेवा, म्हणतात. ठेवलं. चिठ्ठी खिशात ठेवली.

मघाशी सूत्रसंचालकांनी मोठ्या आनंदाने जाहीर केलं की साहेब उद्यापासून घरी बसणार नाहीत, मूल्यांकन कमी करून हवं असलेल्या घरमालकांना सल्ला देणार आहेत. टाळ्याही झाल्या. मी नाही वाजवल्या. जन्मभर आमच्या दाराला कुलपं घातली आणि आता किल्ल्या विकायला बसणार. आणि साहेब, तुम्ही सल्ला काय देणार तेही मला ठाऊक आहे. घर झाडू नका. रंग देऊ नका. कुणी आलं तर बसायला देऊ नका. आमच्या गल्लीने तो सल्ला फुकटात आधीच घेतला आहे. फिरून बघा एकदा. दारांचे रंग उडालेत, कुणी हात लावत नाही. फुटलेली काच तशीच ठेवतात, पाहणी होऊ दे मग बघू म्हणतात. टेलरकाकांनी तर त्या खोळी काढून ठेवल्या. तुमची निशाणी म्हणून ही उजाड गल्ली मागे राहते आहे, पुष्पगुच्छ सुकला तरी.

मीही ताईला तेच पढवलं होतं. महिनाभर बजावत होतो, यावेळी काही आवरायचं नाही. जाळी लोंबू दे. कपाट बाजूला कर. ती हो हो म्हणत होती. आज सकाळी तिला इथे आणायला गेलो, तर बाई गुडघ्यावर बसून फरशी घासत होती. पडदे धुऊन वाळत घातलेले, इथे यायचं नावच नाही.

मी म्हटलं, "ताई, हे काय चालवलं आहेस?"

"उद्या माणूस येणार आहे ना घरी."

"माणूस नाही, अधिकारी येणार आहे. मागच्या वेळी काय झालं ते विसरलीस?"

"विसरले नाही. पण त्यांनी वाईट केलं म्हणून मी घाणीत बसू?"

मी आत गेलो तर कपाट पुन्हा भिंतीला टेकलेलं. मीच चार दिवसांपूर्वी बाजूला केलं होतं. या वयात एकटीने ढकललं असणार. मी ओरडलो. लहान भाऊ असून ओरडलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "अरे, ती भिंत तुझ्या दाजींनी बांधली आहे. रविवारी रविवारी, स्वतःच्या हाताने. गटाराच्या फार जवळ घेतली, चुकलंच त्यांचं. पण त्यांची भिंत वाईट आहे असं परक्या माणसापुढे मी माझ्या तोंडाने सांगू?"

एवढी वर्षं मला वाटायचं की बहीण भोळी आहे. ती भोळी नाही. घरपट्टी कमी व्हायची तर तिने नवऱ्याच्या कामाला नावं ठेवायची, आणि ते तिला जमत नाही. साहेबांना उठून दहा पावलं आत जाता आलं असतं. मग तिला काही बोलावंच लागलं नसतं. याच्यासाठीच तर पाहणी असते.

म्हणून मॅडम, आता मी तुमच्याशी बोलतो. उद्या तुम्ही याल तेव्हा फरशी लख्ख असेल, पडदे परीटघडीचे असतील. चहा मिळेल, तो घ्या, नाही म्हटलंत तर तिला लागेल. पण त्याआधी आत जा. कपाट सरकवायला मी हजर असेन. भिंत बघा, हात लावून बघा, काय दिसेल ते लिहा. ताईला त्याबद्दल एक अक्षर विचारू नका. आणि कृपा करून घराचं कौतुक करू नका. ती लगेच तुमच्या बाजूने बोलायला लागेल.

संयोजकांनी माइक दिला आणि चिठ्ठी पाठवूनही काढून घेतला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. वहिनी, तुम्ही चहाला गेला नाहीत, तुमचे विशेष. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही उणंअधिक बोललं गेलं असेल, तर अध्यक्षांनी, मॅडमनी आणि आपण सर्वांनी उदार मनाने पोटात घालावं. साहेबांनी नाही घातलं तरी चालेल.