पूर्ण परवानगी

धनेंद्र : आणखी एकदा पाह्य ना ताई. त्या वरच्या बटनावर दाबून पाह्य.

भूमेश्वरी : सकाळपासून तेच बटन दाबून राहिली मी, धनेंद्र. डेटाबेस रिकामा आहे. खाने आहेत, खान्यांत कोणाचं नाव नाही. एकाही पोराचा निकाल नाही.

धनेंद्र : अशी कशी जाईल चीज? तूच तर बाबूजीले सांगे, दुकानाले आग लागली तरी सिकलसेलच्या रक्ततपासणीचे निकाल क्लाउडवर सुखरूप राहतील म्हणून.

भूमेश्वरी : आग लागली असती तर राहिलेच असते. घरच्या माणसानं आपल्या हातानं पाडलं, तिथे क्लाउड काय करणार?

धनेंद्र : हळू बोल. जिजाजी बाहेर गॅलरीतच उभे आहेत फोनवर.

भूमेश्वरी : ऐकू दे. माझा नवराच आहे तो, कोणी परका थोडीच आहे.

धनेंद्र : मले नीट समजावून सांग पहिले. कंपनी माझ्या नावावर असली तरी मी हाडाचा प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस. काय केलं त्यांनी नेमकं?

भूमेश्वरी : टेम्प्लेट बदललं.

धनेंद्र : ते तर तूही बदलवत राहते दर महिन्याले.

भूमेश्वरी : ऐक तर. टेम्प्लेट म्हणजे आपल्या सगळ्या सामानाचं वर्णन. सर्व्हर कसा पाहिजे, डेटाबेस कोणता पाहिजे, कोणाला कुठवर हात लावू द्यायचा, सगळं एका फाइलीत लिहून क्लाउडवाल्याला द्यायचं. तो तसंच उभं करून देतो. काही बदलायचं असेल तर सामानाला हात लावायचा नाही, फाइल बदलायची. बाकीचं तो करतो. पण काही बदल असे असतात की तो जुनी वस्तू दुरुस्त करत नाही. नवी उभी करतो आणि जुनी पाडून टाकतो. डेटाबेसचं नाव बदललं की हेच होते.

धनेंद्र : नाव बदलवलं म्हणून पाडून टाकते? लग्नात पोरीचं नाव बदलते, म्हणून काय कोणी पोरगीच बदलून टाकते?

भूमेश्वरी : तुला मस्करी सुचून राहिली.

धनेंद्र : मस्करी नाही वं. भेव लागून राहिलं, म्हणून तोंड चालून राहिलं.

भूमेश्वरी : बदल करण्याआधी त्याला विचारता येते, बाबा, हे केलं तर काय काय होणार? तो सगळं दाखवतो. हे राहील, हे दुरुस्त होईल, हे पाडलं जाईल. ते वाचल्याशिवाय पुढे जायचंच नाही, हा मी इथे बसली त्या दिवसापासूनचा नियम आहे. अन् कोणी न वाचता गेलंच, तर डेटाबेसपाशी अडेल, असं कुलूपही लावलं होतं मी. ते काढायची परवानगी माझ्या लॉगिनलासुद्धा नव्हती. स्वतःवरच भरवसा नव्हता ठेवला.

धनेंद्र : मग जिजाजीनं कसं काढलं कुलूप?

भूमेश्वरी : मला विचारून राहिला? मालकाचं लॉगिन कोणाकडे होतं? पूर्ण परवानगी कोणी दिली त्यांना?

धनेंद्र : मी का हौसेनं दिली? आपल्या लहान बहिणीच्या, रुचीच्या लग्नात तू होतीस ना मांडवात?

भूमेश्वरी : मी आत रुचीला तयार करून राहिली होती. मला तर दुसऱ्या दिवशी समजलं.

धनेंद्र : मग ऐक. पंगत बसली. मोठे जावई म्हणून यांना मधात बसवलं. पाट, रांगोळी, चांदीची वाटी, सगळं. अन् हे ताटाले हातच लावेना. रुसले. सारी पंगत थांबली. व्याही पाहून राहिले, वऱ्हाडी पाहून राहिले. बाबूजी हात जोडून म्हणाले, मांगा जी काय पाहिजे ते. मले वाटलं, मोटारसायकल मांगतील. मनातल्या मनात तयारी करून ठेवली होती मी.

भूमेश्वरी : अन् त्यांनी लॉगिन मांगितलं.

धनेंद्र : पूर्ण परवानगीचं. सारे हसले. कोणाले समजलंच नाही जावयानं काय मांगितलं. श्यामलालकाका माह्या कानात म्हणे, फुकटात सुटला बे तू, देऊन टाक. तिथंच मांडवात मोबाईलवर देऊन टाकलं. मग त्यांनी पुरीचा तुकडा मोडला अन् बँडवाल्यानं बँड वाजवला.

भूमेश्वरी : दुसऱ्या दिवशी काढून घ्यायची होतीस.

धनेंद्र : जावयाले मांडवात दिलेली चीज दुसऱ्या दिवशी परत मांगू? तू मांगितली असती?

भूमेश्वरी : नाही.

धनेंद्र : मग मलेच काऊन बोलून राहिली?

भूमेश्वरी : कोणाला बोलू मग? या भिंतीला बोलू?

उमेंद्र : मला बोल ना. मी आहे इथे.

धनेंद्र : या जिजाजी. काय म्हणाले क्लाउडवाले?

उमेंद्र : बोललो त्यांच्याशी. बराच वेळ होल्डवर ठेवलं, मग एक मुलगी आली लाइनवर. म्हणाली, सर, डेटाबेस डिलीट झाला की त्याची ऑटोमॅटिक बॅकअप पण त्याच्याबरोबर जाते. वी आर सॉरी.

धनेंद्र : अन् ताई, तू दर इतवारी वेगळी कॉपी काढून ठेवते ती?

भूमेश्वरी : ती आहे. गेल्या रविवारची. निकाल सोमवारपासून चढायला लागले, शुक्रवारी संपले, अन् यांनी काल शनिवारी हे केलं. आजची कॉपी निघायच्या आधी.

धनेंद्र : लॅबकडं तर असतील ना? नागपूरच्या?

भूमेश्वरी : नाही. पोरांच्या रक्ताची गोष्ट आहे, पुढे लग्नाबिग्नात कोणी त्यांना नावं ठेवू नये, म्हणून मीच अट घातली होती. निकाल आपल्याकडे चढला की लॅबनं त्यांच्याकडचा पुसून टाकायचा. त्यांनी इमानानं पुसला. रक्ताच्या नळ्याही फेकल्या.

उमेंद्र : हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

भूमेश्वरी : तुम्ही विचारलं होतं?

उमेंद्र : भूमेश्वरी, मी काय मुद्दाम केलं? उद्या गावात निकालाची कार्डं वाटायला शिबिराचं काम देणाऱ्या संस्थेचे लोक येणार आहेत आपल्याबरोबर. स्क्रीनवर बघणार. आणि डेटाबेसचं नाव काय, तर ‘टेस्ट’. पहिल्या दिवशी तू घाईत ठेवलेलं. मला लाज वाटली. म्हटलं, चांगलं नाव देऊ. एक शब्द बदलला मी फक्त.

भूमेश्वरी : आधी काय होणार ते दाखवलं असेल ना त्यानं?

उमेंद्र : मी थेट अपडेट केलं. पहिल्यांदा अडवलं त्यानं. म्हणे, परवानगी नाही. मला वाटलं, हे तू माझ्यासाठी लावलंय. घरातल्या बाकीच्यांना सगळं खुलं आणि जावई आला की दार बंद.

भूमेश्वरी : म्हणून कुलूपच काढलं.

उमेंद्र : पुण्यात मी टीम सांभाळत होतो. नोकरी गेली, सासऱ्यांच्या गावात आलो, मेव्हण्याच्या ऑफिसात बसलो. इथे काही बदलायचं म्हटलं की बायकोला विचारा. अर्जुनीला घरी गेलो की भाऊ विचारतात, तिथे तुझं काय चालतं रे? काय सांगायचं मी?

भूमेश्वरी : ते कुलूप तुमच्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. मी थकलेली असेन, चुकेन, म्हणून. तुमचा अपमान त्यात कुठून आला?

उमेंद्र : मला तसं वाटलं.

धनेंद्र : जाऊ द्या आता. झालं ते झालं. परत रक्त घेऊ. आणखी एक शिबिर लावू.

भूमेश्वरी : तू त्या गावात आला होतास का धनेंद्र? मी गेली होती. सालेकसापासून आत, जंगलातलं गाव. पहिल्या दिवशी एक माणूस आला नाही. म्हणे, रक्त नेऊन विकतात. आरोग्य खात्याच्या आशाताई आहेत ना तिथल्या, धुरपताबाई, त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या पोरीचा हात पुढे केला, तिच्यातलं काढून दाखवलं. मग घरोघरी फिरल्या. ज्यानं त्यानं हेच विचारलं, निकालाचा कागद देशील ना? त्या म्हणाल्या, माझ्या हातानं देईन.

उमेंद्र : आपण सांगू की सर्व्हर क्रॅश झाला. होतं असं. मोठमोठ्या कंपन्यांचं होतं. संस्थेलाही तेच सांगू.

धनेंद्र : हे बरं राहील ताई. काम तर टिकेल. पुढची शिबिरं दुसऱ्या कोणाले गेली तर आपण काय करावं?

भूमेश्वरी : संस्थेला काय सांगायचं ते सांगा तुम्ही. गावाला काय फरक पडते? त्यांना एवढंच दिसणार, की रक्त नेलं अन् कागद नाही आला. खरं सांगितलं तरी तेच, खोटं सांगितलं तरी तेच.

उमेंद्र : एवढं टोकाचं नसतं काही.

भूमेश्वरी : बिसराम नावाचा माणूस आहे तिथे. त्याचा मोठा पोरगा गेला. कशानं गेला, कोणाला माहीत नाही. हातपाय दुखे म्हणे, रात्रभर रडे. आता लहान पोरीचे हात सुजतात, फुलवंतीचे. हा बाप रक्त द्यायला तयार नव्हता. धुरपताबाई त्याच्या अंगणात बसून राहिल्या दिवसभर. शेवटी आला पोरीला खांद्यावर घेऊन. मला म्हणाला, एकच डाव देईन बाई, परत मांगू नोको.

उमेंद्र : फुलवंती?

भूमेश्वरी : हो. काऊन?

उमेंद्र : मी पाहिलं ते नाव.

धनेंद्र : कुठं पाहिलं जिजाजी?

उमेंद्र : बदल करायच्या आधी टेबल उघडून बघितलं होतं. परवानगी होती ना सगळी. पहिल्याच पानावर होतं. फुलवंती बिसराम. नाव वेगळं वाटलं म्हणून लक्षात राहिलं.

भूमेश्वरी : मला नावं दिसत नव्हती. निकालापुढे फक्त नंबर दिसे. मीच तसं करून ठेवलं होतं. तुम्हाला दिसलं... पुढे काय लिहिलं होतं?

उमेंद्र : पुढे?

भूमेश्वरी : नावापुढे निकालाचा खाना असतो. आजार आहे, नुसता वाहक आहे, की काहीच नाही. तीनपैकी एक. आठवा ना.

उमेंद्र : आठवत नाही.

भूमेश्वरी : डोळे मिटा अन् आठवा. लांब शब्द होता की छोटा?

उमेंद्र : मी वाचलंच नाही, भूमेश्वरी. मी खान्याची रुंदी बघत होतो. कार्डावर नाव बसेल की नाही ते बघत होतो.

धनेंद्र : बसा जिजाजी. पाणी घ्या.

उमेंद्र : नको मला पाणी.

भूमेश्वरी : धनेंद्र, आता तरी परवानगी काढून घे. हे लॉगिन बंद कर.

धनेंद्र : करतो ना. अक्षय तृतीयेले बाबूजीनं जेवायले बोलावलं आहे दोघा जावयांना. तेवढं होऊ दे.

भूमेश्वरी : अजूनही?

धनेंद्र : बाबूजी विचारतील ना वं, काऊन काढली. मी काय सांगू त्याइले? अन् आता काढून तरी आत काय उरलं आहे?

उमेंद्र : तुझाच फोन वाजतोय, भूमेश्वरी. सालेकसाचा आहे. धुरपताबाई.

धनेंद्र : नको उचलू. पहिले काय बोलायचं ते ठरवू.

भूमेश्वरी : (फोन उचलते. पलीकडचं बोलणं त्या दोघांना ऐकू येत नाही.) हो धुरपताबाई, बोला. येऊन राहिला आवाज... जेवण? नको, जेवणाचं नका करू आमच्यासाठी... काय म्हणता? सगळेच?

धनेंद्र : काय म्हणून राहिल्या?

भूमेश्वरी : उद्या पहाटे कोणीच मोहफूल वेचायला जाणार नाही म्हणतात. भर हंगामात. कार्डासाठी पूर्ण गाव घरी थांबून राहिलं... हो बाई, आहे मी. ऐकून राहिली.

उमेंद्र : सर्व्हरचं सांग. निदान आजच्यापुरतं.

भूमेश्वरी : धुरपताबाई, कार्ड नाही येणार... नाही, उशीर नाही झाला. निकालच राहिले नाहीत. गेले... नाही, लॅबनं नाही. आमच्या हातून... हो, आमच्याच घरी झालं.

धनेंद्र : अरे देवा.

भूमेश्वरी : परत घ्यावं लागेल सगळ्यांचं... हॅलो? धुरपताबाई?

उमेंद्र : ठेवला फोन?

भूमेश्वरी : नाही. आहेत... हो, बोला... तुम्ही आपल्यावर नका घेऊ. माझं नाव सांगा. गोंदियाच्या बाईनं घालवलं म्हणा... माहीत आहे, दारं तुम्हीच ठोठावली होती. माहीत आहे मला.

उमेंद्र : त्या मुलीचं विचार. मी स्वतः गाडी घेऊन जातो. तिला एकटीला इथे आणून तपासू. विचार ना.

भूमेश्वरी : बाई, बिसरामची फुलवंती... तिला एकटीला तरी गाडी पाठवली तर?... हं... हं... नाही, बरोबर आहे त्याचं. म्हणाला होता तो मला, एकच डाव म्हणून... तुम्हीही नाही विचारणार?... बरं. नाही, मीही नाही विचारत परत.

धनेंद्र : काय झालं?

भूमेश्वरी : धुरपताबाई, एवढंच करा. गावात आजच सांगून द्या. उद्या कोणी घरी थांबू नका म्हणा, जा म्हणा सारे मोहाले... हो, फुलवंतीलेही नेऊ द्या.